केशरकाकीला जोयड्याला नेणारी जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंग गावच्या परशूच्या अंगणात, काजूच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो.

परशूनं मला रामनगरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं, तेव्हा माझा रंग हिरवागार होता. बाजाराची माणसं, भाताची पोती, फणस, एकदा तर अख्खं वऱ्हाड मी वाहून नेलं. लोक कौतुक करायचे. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या आणि माझं काम सुटलं. माझ्या मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. वाईट वाटायचं, पण कोंबड्यांची सोबत होती, हेही खरं.

गेल्या श्रावणात शेजारची केशरकाकी शेताच्या बांधावरून घसरून पडली. तिची सत्तरी उलटलेली. पाय हलेना. खुब्याचं हाड मोडलं असणार, हे सगळ्यांनी ओळखलं.

तिचा मुलगा गणपती म्हणाला, "बेळगावला ऑपरेशन करू. खालचं शेत विकतो."

काकी ओसरीवर पडूनच म्हणाली, "शेत विकून पाय बरा केलास, तर त्या पायानं जाऊ कुठं? राहू दे मला अशीच."

तेवढ्यात गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई फुला आली.

"काही विकू नकोस," ती म्हणाली. "सरकारचा नवा नियम हाय. सत्तरी झालेल्या माणसाच्या ऑपरेशनचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरकार दवाखान्याला देतंय. घर गरीब का श्रीमंत, ते बघत न्हाईत. त्याचं कार्ड तेवढं काढायचं, आणि जोयड्याच्या सरकारी दवाखान्यातून पुढं पाठवल्याची चिठ्ठी घ्यायची."

"खरंच, फुलाक्का?"

"व्हय. पण आधी जोयडा गाठायला पाहिजे."

ॲम्ब्युलन्स चिखलामुळे वर येईना. मग परशूनं कोंबड्या हुसकल्या, बाक पुसला, गादी अंथरली. दोन-चार आचके देऊन मी सुरू झाले. त्या दिवशी एकेक खड्डा मी जपून ओलांडला. काकी कण्हली की मलाच दुखल्यासारखं व्हायचं.

जोयड्याला डॉक्टरांनी माझ्यापाशी येऊन काकीला तपासलं, दुखणं थांबायची सुई दिली आणि चिठ्ठी लिहिली. कार्डासाठी फुलानं काकीचं बोट यंत्रावर टेकवलं. यंत्र काही ओळखेना. आयुष्यभर भात लावून तिच्या बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. गणपतीचा चेहरा उतरला.

"थांब," फुला म्हणाली. "आता तोंडावरूनबी ओळख पटते."

पण माझ्या कापडी टपाखाली अंधार होता. परशू आणि गणपती यांनी मिळून टप गुंडाळला. पाऊस थांबलेला होता. काकीच्या तोंडावर छान उजेड पडला.

"काकी, मोबाईलकडं बघून डोळे मिटा आणि उघडा."

काकीनं डोळे मिटले, हात जोडले आणि तशीच राहिली.

"उघडा की."

"थांब गं, देवाचं नाव घेते हाय."

सगळे हसले. काकीही डोळे उघडून हसली. हसता हसता तिच्या पापण्या लवल्या आणि मोबाईलवर हिरवी खूण उमटली. गणपतीनं माझ्या दाराला टेकून डोळे पुसले.

तिथून ॲम्ब्युलन्सनं काकीला बेळगावला नेलं. ऑपरेशन झालं. शेत राहिलं.

दसऱ्याच्या सुमारास मीच तिला घरी आणलं. उतरताना गणपतीनं हात पुढे केला.

"सोड," काकी म्हणाली आणि काठी टेकत सरळ बांधाकडे गेली. भात पिवळं होत आलं होतं.

मित्रांनो, सरकारनं नियम केला म्हणून तो आपोआप दारात येत नाही. कुणीतरी सांगावं लागतं, कुणीतरी नेऊन आणावं लागतं. हल्ली परशू मला तेलपाणी करून तयार ठेवतो आणि मी म्हाताऱ्या माणसांना कार्डासाठी जोयड्याला नेते. कोंबड्यांनी शेजारी खुराडं मिळवलं आहे. तुमच्या घरी, शेजारी कुणी सत्तरीचं असेल, तर त्यांच्यापाशी बसा आणि कार्ड काढलंय का ते विचारा. कुणी पडण्याची वाट बघू नका. आणि रस्ता चिखलाचा असला तर परशूला हाक मारा. मी लगेच निघते.