खुनी ओळखायची पाळी

त्यानं सोफ्याच्या गाद्या उचलून जमिनीवर ठेवल्या, खाली काहीच नाही हे पाहिलं, गाद्या परत जागेवर लावल्या आणि पुन्हा उचलायला लागला.

"चष्मा कपाळावर आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"चष्मा कोण शोधतंय!"

मग काय शोधतोय, ते त्यानं सांगितलं नाही. सकाळपासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. संध्याकाळी प्रकाशक नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण न्यायला येणार होते आणि टेबलावरचा कागद कोरा होता. जन्मभर त्यानं वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या दिल्या. निवृत्तीनंतर बातमीदारच खुनी पकडतो अशा रहस्यकथा लिहायला लागला. खऱ्या नोकरीत ह्यांनी साधा सायकलचोरसुद्धा पकडला नाही, ही तिची आवडती थट्टा.

घरचा एक रिवाज होता. शेवटचं सोडून बाकीची प्रकरणं ती वाचायची आणि खुनी कोण ते सांगायची. पहिल्या पुस्तकाला तिनं अचूक ओळखलं, तर त्यानं शेवट फाडून टाकला, नवा खुनी उभा केला आणि कितीतरी दिवस तोंड फुगवून बसला. तेव्हापासून ती मुद्दाम चुकायची. मग तो "फसलीस!" म्हणून टाळी वाजवायचा आणि दिवसभर घरात मिरवायचा. त्याचं ते मिरवणं तिला फार आवडायचं.

"अगं, सांग ना. कोण वाटतं तुला?" तो दारात येऊन उभा राहिला.

"माळी," तिनं नेहमीसारखं ठोकून दिलं.

टाळी वाजली नाही.

"माळी," तो पुटपुटला. "कशावरून?" आणि पेन्सिल काढून हातातल्या कागदावर लिहायला लागला.

हल्ली तो बोलता बोलता अडायचा आणि वय झालं म्हणून ती सोडून द्यायची. आता मात्र स्वतःच्याच पुस्तकातला खुनी तो विसरला होता; सकाळपासून शोधत होता ते त्याचंच टिपण. धुतलेली ताटली तिनं पुन्हा धुतली.

"थांबा हो. माळी नाही."

"मग?"

"फोटोग्राफर. दार फोडायच्या आधीच तो म्हणतो ना, आत पंखा चालू आहे? बंद खोलीतलं त्याला कसं कळलं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळावरच्या आठ्या उतरल्या, पण हसू आलं नाही.

"बरोबर," तो हळूच म्हणाला. "फोटोग्राफरच."

"मग आता बदलणार?"

"राहू दे या खेपेला."

त्याच्या तोंडचा 'बरोबर' हा शब्द इतकी वर्षं तिनं मुद्दाम चुकून टाळला होता. तिला रडू आलं आणि तिनं नळ मोठा सोडला.

प्रकाशक आले तेव्हा तो शेवटच्या पानावर होता. चहा घेता घेता त्यांनी दर पुस्तकाला विचारायचे तेच विचारलं.

"काय वहिनी, ओळखला का खुनी?"

टेबलावरची पेन्सिल थांबली.

"कसला ओळखतेय! माळी म्हटलं मी. याही वेळी फसले."

प्रकाशक खदखदून हसले. तो हसला नाही. मान वर न करता त्यानं शेजारची खुर्ची पायानं बाहेर सरकवली, आणि ती हात पुसत तिथं जाऊन बसली.