टेबलाच्या पायाखालचे कार्ड

मी एक जुने कार्ड आहे आणि मी रागावले आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

माझा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत झाला. तिथे भिंतभर लाकडी खण आहेत आणि त्यांत प्रत्येक शब्दाचे एक जाड कार्ड उभे असते. माझ्या वाट्याला ‘भोसकणे’ हा शब्द आला. एका बाजूला ‘भोवरा’, दुसऱ्या बाजूला ‘भोळा’ आणि मधे मी! नवे लोक मला दोन बोटांनी धरत. माझ्यामुळे आजवर कुणाला साधे खरचटलेसुद्धा नाही, पण नाव वाईट पडले ते पडले.

मला लिहिले शब्दबाईंनी. त्यांचे खरे नाव कचेरीत कुणी घेत नसे. केसांत पेन्सिल खोचून त्या दिवसभर बाहेर हिंडत आणि माणसांना शब्द विचारत. माझ्यासाठी त्या शिंप्याकडे गेल्या. तो म्हणाला, “सुई टोचते, बाई. भोसकायला कापडाशी माझं काय वैर आहे?” मग त्या खाटकाकडे गेल्या. “मेलेल्याला कसलं भोसकायचं? आम्ही आपलं कापतो,” तो म्हणाला. परत येऊन शब्दबाईंनी बारीक अक्षरात माझ्यावर लिहिले :

‘जिवंत प्राण्याच्या अंगात हत्यार जोराने घुसवणे. यात इजा करण्याचा हेतू असतो. चुकून लागलेल्या हत्याराला हा शब्द लावत नाहीत. जवळचा शब्द खुपसणे. पण त्यात वैर असतेच असे नाही. किल्ली कुलपात खुपसतात, हात खिशात खुपसतात, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतात.’

खाली टोचणे, बोचणे, रुतणे, खुपणे अशी सगळी भावंडे ओळीने मांडली होती. सगळे माझ्यावरच आल्यामुळे ‘खुपसणे’च्या कार्डावर त्यांनी एवढेच लिहिले : ‘भोसकणे पाहा.’ तेव्हाचे मोठे साहेब मला उजेडात धरून म्हणाले होते, “कार्ड असावं तर असं!” मी कितीतरी दिवस त्या एका वाक्यावर खूश होते.

पुढे शब्दबाई निवृत्त झाल्या, मोठे साहेबही गेले. नवे साहेब आले. ते नियमाला फार पक्के होते. आमच्याकडे नियम असा, की कार्ड बाहेर काढले तर रिकाम्या जागी एक चिठ्ठी ठेवायची आणि तिच्यावर जवळच्या शब्दाकडे बोट दाखवायचे. साहेबांनी एकदा मला वाचायला काढले आणि माझ्या जागी चिठ्ठी ठेवली : ‘खुपसणे पाहा.’

आता बघा काय झाले! ‘भोसकणे’पाशी जावे तर चिठ्ठी म्हणते तिकडे जा, आणि तिकडे जावे तर कार्ड म्हणते इकडे या. मी परत जागेवर गेले असते तर काही बिघडले नसते. पण साहेबांचे टेबल डुगडुगत होते. त्यांचा चहा हिंदकळून बशीत सांडला. साहेबांनी मला मधोमध दुमडले, पुन्हा दुमडले आणि टेबलाच्या पायाखाली सारले. “हं, आता कसं घट्ट बसलं!” ते म्हणाले. खुशीत होते अगदी! मी दोन वर्षे त्या पायाखाली काढली. वर लोक चहा प्यायचे आणि खाली माझ्या घडीत धूळ साचायची.

एका सकाळी एक बाई आल्या. हातात पिशवी होती, पायांतल्या चपला भराभर चालून धुळीने भरल्या होत्या. त्या कारकुनाला म्हणाल्या, “माझा दादा सोफ्याच्या कारखान्यात कारागीर आहे. फोम कापायला त्यानं लांब सुरी फोममध्ये खुपसली. पलीकडून त्याच्या जोडीदारानं फोम धरला होता. सुरी आरपार गेली आणि त्याच्या तळव्याला लागली. आता मुकादमानं कागदावर लिहिलंय, की दादानं जोडीदाराला भोसकलं.”

“आणि तुमचे दादा काय म्हणतात?”

“त्यानं जबाबात खरं तेच लिहिलंय, की मी सुरी खुपसली. मुकादम म्हणतो, दोन्ही एकच. एक नसेल तर कोशवाल्यांकडून लिहून आणा. उद्या चौकशी आहे. दादाची नोकरी जाईल हो.”

मित्रांनो, मी तिथेच होते! त्यांच्या पावलापासून हातभर अंतरावर. त्यांना जे हवे होते ते सगळे माझ्या पोटात होते. मी जिवाच्या आकांताने ओरडले, पण कागदाचे ओरडणे कुणाला ऐकू येते?

कारकुनाने पहिला खण उघडला. “भोसकणे... खुपसणे पाहा.” दुसरा खण उघडला. “खुपसणे... भोसकणे पाहा.” तो पुन्हा पहिल्याकडे गेला, पुन्हा दुसऱ्याकडे आला. शेवटी साहेबांनी चश्मा पुसला आणि सांगितले, “जे आहे ते उतरवून द्या. आपण पदरचं काही घालायचं नाही.” कारकुनाने तसेच उतरवले आणि टेबलावर कागद ठेवून त्यावर शिक्का मारला. तो दणका टेबलाच्या पायातून थेट माझ्या अंगावर आला.

चौथ्या दिवशी त्या बाई पुन्हा आल्या. या वेळी त्या हळू चालत होत्या. “दादाला काढलं,” त्या म्हणाल्या. “खुपसणं म्हणजेच भोसकणं, असं तुमच्याच शिक्क्यानं लिहून दिलंय म्हणे.” त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. फरशी पुसताना त्या दिवशी टेबल जरा सरकले होते, त्यामुळे ते डुगडुगले. कारकून सवयीने खाली वाकला. मी त्याच्या हाताला लागले. त्याने घडी उलगडली आणि वाचायला सुरुवात केली. ‘चुकून लागलेल्या हत्याराला’ इथवर आल्यावर त्याने मला बाईंपुढे धरले.

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग टेबलाच्या पायाकडे पाहिले. “म्हणजे हे इथंच होतं?”

साहेब म्हणाले, “टेबल हलत होतं ना.”

त्यांनी स्वतः नवा कागद लिहिला, हे मी कबूल करते. त्यावरही शिक्का मारला. बाई तो घेऊन गेल्या. कारखान्याने तो कागद वाचला की नाही, दादा कामावर परत गेला की नाही, मला काही कळले नाही. आता मी ‘भोवरा’ आणि ‘भोळा’ यांच्या मधे पुन्हा उभे आहे. दोन घड्यांमुळे मला सरळ उभे राहता येत नाही आणि टेबलाच्या पायाचा गोल डाग बरोबर ‘हेतू’ या शब्दावर पडला आहे. वाचता येतो, पण डोळे बारीक करावे लागतात.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही, माझे व्हायचे ते होऊन गेले. पण कुणावर भोसकल्याचा आळ घेण्याआधी एकदा नीट विचारून घ्या. आणि जी वस्तू जिथून उचलाल तिथे ती परत ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी कुणीतरी दारातून आत येईल, तुमच्या पायाशी पाहील आणि विचारील, “म्हणजे हे इथंच होतं?” त्यावर काय उत्तर द्यायचे, ते माझ्यावर लिहिलेले नाही.