एकेक काडीची लावणी

"दाजी, आक्का गेली," मेहुणा दादाभाऊ फोनवर म्हणाला, तेव्हा मी अंगणात भाताचं बी उन्हात घालत होतो. मार्चमधला रविवार होता. माझी बायको रत्ना दोन दिवसांपूर्वी माहेरी, घाटघरला गेली होती. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली. जुन्नरला दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

अंगणात दोन ढीग होते. एक हळव्या भाताचा, जे लवकर निसवतं, म्हणजे त्याच्या लोंब्या आधी बाहेर येतात. दुसरा गरव्याचा, जे महिनाभर मागून येतं. गरवं रत्नानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माहेरून शेरभर आणलं होतं. शिजलं की वास वाडीभर जायचा. आम्ही त्याला घाटघरीच म्हणायचो.

फोन ठेवल्यावर मी दोन्ही ढीग एकाच पोत्यात भरले आणि निघालो. मला हे आठवत नाही. चौदाव्या दिवशी शेजारच्या सरूबाईंनी सांगितलं.

"मी वरडले, खंडूभाऊ, आवो भेळ व्हतीय. पर तुमचं ध्यान कुठं व्हतं?"

पोतं उघडलं. दाणे सारख्याच रंगाचे, सारख्याच आकाराचे. रत्ना नुसती मूठ भरून सांगायची, हळवं कोणतं आणि घाटघरी कोणतं. तिला कसं कळायचं, ते मी कधी विचारलं नाही.

घाटघरी बी मिळेल का विचारायला दादाभाऊला फोन केला.

"दाजी, आमी कवाच सोडलं त्ये. आता दुकानातली पिशवी आणतो."

म्हणजे तिचं बी आता फक्त माझ्या पोत्यात होतं. ते वेगळं करायचंच, असं मी ठरवलं.

मी तळेघरकडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई आहे. नववीच्या मिश्रणाच्या प्रयोगांची मांडामांड बावीस वर्षं मीच करतो. गंधकातून लोखंडाचा कीस चुंबकानं काढायचा. वाळू आणि मीठ पाण्यात ढवळून गाळायचं. रॉकेल आणि पाणी नरसाळ्यात वेगळं करायचं. मला वाटलं, हेही जमेल. चाळलं, तर दोन्ही चाळणीतून खाली पडलं. पाखडलं, तर दोन्ही सुपातच राहिलं. ओंजळभर मिठाच्या पाण्यात टाकलं. पोचट तेवढं तरंगलं, बाकी सगळं तळाला गेलं.

शेवटी विज्ञानाच्या साधना मॅडमना विचारलं.

"मामा, वेगळं करायचं तर एखादा गुणधर्म वेगळा पाहिजे. त्या दोघांत फरक कशात आहे?"

"कशातच नाय, मॅडम. एक आधी निसवतं, एक मागनं. एवढंच."

"मग हाच की फरक! ऊर्ध्वपातनात काय होतं? जो आधी उकळतो तो आधी निघून जातो, दुसरा मागं राहतो. तुम्हाला शेगडीऐवजी शेत लागेल, एवढंच."

मी मान हलवली आणि परीक्षानळ्या धुवायला घेतल्या.

जूनमध्ये ते भेळ बी तसंच पेरलं, जुलैत रोपांची लावणी आली. आमच्याकडे चार-पाच रोपांचा चूड एका जागी लावतात. चुडात दोन्ही जाती आल्या, तर आधी निसवलेलं हळवं उपटताना दोन्ही जाणार. म्हणून मी एकेक काडी लावायला घेतली. सरूबाई बांधावर उभ्या राहून हसल्या.

"भात लावताय का वांगी?"

"वांगीच समजा, वयनी."

"गुडघं जात्याल, सांगून ठिवते."

"जाऊ द्यात."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच खाचरात उतरल्या. "सरका तिकडं. रत्नीचं बी हाय. मलाबी मूठभर लागंल म्होरल्या साली."

दोघांना सहा दिवस लागले.

गणपतीच्या सुमारास हळव्याच्या लोंब्या बाहेर आल्या. रोज शाळेआधी खाचरात जाऊन मी ती रोपं मुळासकट उपटली आणि गुरांना घातली. आठ दिवसांत खाचर विरळ झालं. येणारे-जाणारे विचारायचे, "राव, डुकरं शिरली का काय?" मी हो म्हणायचो.

उरलेलं हिरवंच होतं. ते दिवाळीनंतर कापलं. अर्धं पोतं बियाण्याला ठेवलं आणि एक वेळचा भात शिजवला. सरूबाई दारातूनच म्हणाल्या, "आला गं बाई वास."

मी बियाण्याची मूठ भरून पाहिली. मला काही कळलं नाही.

एका वर्षात बी शुद्ध होत नाही. एखादं हळवं नजरेतून सुटतंच. भेळ तीन वर्षं काढावी लागते, असं जुनी माणसं सांगतात. माझं एक झालं. दोन राहिली आहेत.