शेवटच्या तासाची घंटा

शाळा सुटल्याची लांबलचक घंटा झाली तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते. अकराला भरलेली बेलापूरची अख्खी शाळा आरोळ्या ठोकत फाटकाबाहेर पडली. वृषालीनं कपाळावर हात मारून घेतला. तिनं बनवलेल्या आपोआप वाजणाऱ्या घंटेचा हा पहिलाच दिवस, आणि या घंटाबाईंनी सहा तासांची शाळा पाऊण तासात उरकली होती!

"उद्या नीट वाजली तर ठेवू, नाहीतर घेऊन जा," हेडसर मिशीत हसू दाबत म्हणाले.

वृषालीची ही पहिलीच ऑर्डर, तीही ती शिकली त्या शाळेची. नाक कापलं जायची वेळ आली होती.

शिपाई सहादूमामा महिनाअखेर रिटायर होणार, म्हणून तर ही घंटा घ्यायची होती. तेच घंटेचा डबा मांडीवर धरून तिच्याबरोबर श्रीरामपूरला तिच्या खोलीवर आले. कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"ही वळ काय म्हनती?"

"म्हणते, चिपचा वेग सांगितला नाही, मी आपला सेकंदाला दहा लाख ठोक्यांचा धरते. बोर्डावर आहे ऐंशी लाखांचा, म्हणून घंटा आठपट पळाली."

"म्हंजी तिनं आधीच सांगितलं हुतं की!"

"मला वाटलं, नुसती वॉर्निंग तर आहे. चालतंय."

मामा खो खो हसले. वृषालीनं वेग लिहिला, तरी ओळ हटेना. मग ध्यानात आलं, वेळ मोजणारी फाईल वर आणि वेग खाली, म्हणजे वरात निघून गेल्यावर नवरदेवाला निरोप. तिनं वेगाची ओळ सगळ्यांत वर नेली. पडदा स्वच्छ झाला. तिनं आनंदानं टाळीच वाजवली.

"आता शेवटची घंटा पाचच्या ठोक्याला! सेकंद इकडंतिकडं नाही."

मामांचं हसू मावळलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरी, वस्तीची यष्टी चार पंचावन्नला हाय."

वृषाली बघतच राहिली. सहा वर्षं ती त्याच एसटीनं घरी गेली होती. पुढची गाडी अंधार पडल्यावर, आणि अंधारात पोरी घरी येऊ लागल्या की वस्तीवरचे बाप शाळा बंद करत.

"मला वाटायचं, एसटीच उशिरा येते!"

"यष्टी कवाच उशिरा न्हाई आली. मी दहा मिंटं आधी टोल देतो. हेडसरांना म्हाईत न्हाई असं धरून चाललो."

डोळे पुसून तिनं शेवटच्या तासापुढचा पस्तीस खोडला आणि पंचवीस लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळे तास बिनचूक झाले. पाचाला दहा कमी असताना घंटा घणघणली. वस्तीच्या पोरी दप्तरं सावरत एसटीकडं धावल्या. हेडसरांनी मनगटाकडं पाहिलं.

"माझंच मागं पडलंय वाटतं," म्हणत सरांनी घड्याळाचा काटा पाचावर आणला. "घंटा ठेवून जा."

मामा मान खाली घालून हसत होते.

"रोज याच टायमाला पडतं मागं," ते तिच्या कानाशी पुटपुटले, "बारा वर्सं झाली."