पंचावन्नच्या पुढचे डोळे

नव्या साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला आणि औषध कारखान्याच्या तपासणी विभागातल्या पंचावन्नच्या पुढच्या सहाही जणी उठून त्यापुढे आल्या. इंजेक्शनच्या हजार बाटल्यांमागे तरुण मुलींच्या नजरेतून सरासरी एक तडकलेली बाटली सुटते, पंचावन्नच्या पुढच्यांच्या नजरेतून चार. म्हणून पंचावन्नच्या पुढच्या सगळ्या सोमवारपासून खोकी चिकटवायला!

बावीस वर्षं बाटल्या तपासायच्या त्याच दिव्यापुढे बसलेल्या धाकटीचं टाळकंच फिरलं. दोघी जावा शेजारी-शेजारी बसत, म्हणून ती धाकटी आणि दुसरी थोरली. एरवी धाकटीही सत्तावन्नची होती.

"साहेब, त्या चारांत माझ्या किती?"

"मावशी, सरासरी आहे ती. वय झालं की नजर जातेच."

"म्हणजे सब घोडे बारा टक्के! माझी नजर गेली का, ते बघितलंत?"

नव्हतं बघितलं. साहेबांनी दोनशे चांगल्या बाटल्यांत दहा तडकलेल्या मिसळल्या आणि ट्रे तिच्यापुढे ठेवला. धाकटीने एकेक बाटली दिव्यापुढे फिरवली आणि अकरा बाजूला काढल्या.

"एक जास्त झाली," साहेब हसले.

"भिंगाखाली धरा की."

अकराव्या बाटलीच्या तळाशी केसाएवढा तडा होता. साहेबांचं हसू मावळलं. माणूस मनाने वाईट नव्हता, त्यांनी तिथल्या तिथे तक्ता उतरवला.

"चुकलंच माझं. पंचावन्नच्या पुढची नजरच खरी पक्की! सोमवारी सगळ्या आपापल्या जागेवर."

बायकांनी टाळ्या पिटल्या. थोरलीने धाकटीचा हात धरायला हात पुढे केला, तो आधी हुकला, मग सापडला. "जिंकलीस गं बाई!"

धाकटीला मात्र काही गोड लागेना. वर्षभर ती स्वतःचं काम उरकून थोरलीचा ट्रे गुपचूप पुन्हा बघत होती. जमतील तेवढ्याच बाटल्या बघून व्हायच्या, बाकीच्या तशाच पुढे जायच्या. त्या चारांतल्या बहुतेक कुणाच्या, हे सांगायला तिला तक्ता नको होता. आता गप्प बसलं की झालं, जागा राहिली, घरातली शांतताही राहिली. पण ते औषध कुणाच्या तरी लेकराच्या दंडात जाणार होतं, आणि वर्षभर आपण ते जाऊ दिलं याची तिला आज खरोखर लाज वाटली.

"साहेब, तडे मी शोधले. बाकीच्या पाच जणींनी नाही. त्यांच्यापुढेही ट्रे ठेवा. त्या तरण्या पोरींपुढेसुद्धा."

"अहो, सगळ्यांची परीक्षा कशाला?"

"सगळ्यांची मिळून नको. एकेकीची वेगळी घ्या."

"बरं. आधी कुणाची?"

धाकटी म्हणाली, "आमच्या जाऊबाईंची."

थोरलीने तिचा हात सोडला आणि खुर्ची चाचपडत एकटीच दिव्यापुढे जाऊन बसली.