पाठमोरी वसाहत

आमच्या वसाहतीत चाळीस घरं, अन् चाळीसही रस्त्याकडं पाठ करून उभी. उदगीरच्या मोंढ्याला, म्हंजे धान्याच्या बाजाराला जाणारा रस्ता भिंतीमागून जातो, अन् दारं सगळी माळाकडं. माळावरनं नवा रस्ता होणार म्हणं. नकाशात हाय तो. माळावर नुसत्या बाभळी हायत.

बाहत्तरच्या दुष्काळात त्या मागच्या रस्त्याची खडी मी फोडलेली, नवऱ्याबरोबर, उन्हातान्हात. नवरा माझा नरसिंग. नाव घेते मी, त्याला काय हुतंय? दहा वर्षांनी सरकारनं घर दिलं तवा लई आनंद झाला. पक्क्या भिंती, वर पत्रे, दाराला कडी. पण आपण केलेल्या रस्त्याकडं आपल्याच घराची पाठ बघून डोस्कंच फिरलं माझं.

त्यात धंदा माझा फाटकी पोती शिवायचा. माल मोंढ्याला निघतो, वाटंत पोतं उसवतं, ज्वारी गळाय लागते. दाभण अन् सुतळी घेऊन मी तिथल्या तिथं टाके घालून देते. पण गाडीवाल्यानं चाळीस घरांना वळसा घालून, काटे चुकवत माझ्या दारी कशाला यावं? महिनाभर कुणी फिरकलं न्हाई. मग एका सकाळी मीच पहार घेतली अन् मागच्या भिंतीला भगदाड पाडलं.

"पंचफुले, सरकारचं घर हाय ते," नरसिंग म्हणला.

"सरकार राहतंय का हितं?" मी म्हणलं.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या थांबाय लागल्या. भगदाडातून पोतं आत, शिवून परत बाहेर. मोंढ्यातल्या आडत्यांची फाटकी पोतीसुद्धा ढिगानं यायला लागली. पोटाची काळजी मिटली.

पण लातूर जिल्हा नवा झालेला, अन् नव्याची हौस दांडगी. पूर्वी उस्मानाबादहून कागद यायला वरीस लागायचं, आता आठ दिवसांत आला. नरसिंगनं वाचून दाखवला. घर फक्त राहण्यासाठी हाय, त्यात धंदा चालतो अशी तक्रार हाय, बिस्तरवारी तपासणी हुईल, धंदा दिसला तर घर काढून घेऊ. नरसिंगला जेवणच जाईना. मीबी आतून घाबरले. गावातलं जुनं खोपट कधीच पडलेलं. भगदाड बुजवावं तर पोट जातंय, ठेवावं तर घर जातंय.

बुजवलं न्हाई मी. आपण काय चोरी केली?

बिस्तरवारी साहेब आला. शिवमूर्ती नाव त्याचं. नकाशातल्या रस्त्यानंच आला बिचारा, पँटला काटे चिकटलेले. शर्ट चुरगळलेला, डोळे तांबडे. आत आला, पोती बघितली, भगदाड बघितलं, फॉर्म काढला.

"बाई, हे चालत नाही. धंद्यासाठी वेगळी योजना आहे. अर्ज करा, शिलाई मशीन मिळंल."

"मशिनीवर पोतं शिवून दाखवता का?"

घरात खुर्ची न्हाई, म्हणून साहेब पोत्यांच्या ढिगावरच बसला. मी चहा दिला. चहा पिताना माणूस जरा निवांत बोलतो, म्हणून इचारलं, "साहेब, तुमचं घर कुठं हाय?"

"बायको, पोरं उस्मानाबादेत. लातुरात जागाच मिळंना. सगळी हापिसं एकदम आली, क्वार्टर अजून मंजुरीत."

"मग झोपता कुठं?"

"हापिसात. दोन टेबलं जोडून."

"म्हंजे मी घरात धंदा केला तर माझं घर जातं. तुम्ही हापिसात घर केलं तर तुमचं काय जातं?"

नरसिंगनं कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसला. "झोप जाते, बाई. सहा महिने झाले."

मला लई वाईट वाटलं. लोकांना घरं वाटणारा माणूस, अन् त्यालाच पाठ टेकायला जागा न्हाई. मी चूल आवरायला वळले. परत बघते तर साहेब ढिगावर आडवा. पोती मऊ असतात, धान्याचा वास असतो त्यांना. हातात पेन तसाच, फॉर्म कोरा, अन् साहेब घोराय लागलेला.

"उठव," नरसिंग कुजबुजला.

"झोपू द्या."

तेवढ्यात मागं ट्रक थांबला. मी भगदाडातून डायवरला बोटानं गप केलं, तीन पोती आत ओढली अन् साहेबाच्या उशाशी बसून शिवली. डायवरनं डोकावून बघितलं. "पाव्हणं आलेत का?" म्हणला. "हाव," म्हणलं.

ऊन कलल्यावर साहेब दचकून उठला. घड्याळ बघितलं. तोंड धुवायला पाणी दिलं मी. त्यानं फॉर्म गुडघ्यावर घेतला अन् खाली मान घालून लिहीत गेला. नरसिंगला राहवेना.

"साहेब, काय लिहिलं?"

साहेबानं वाचून दाखवलं. "मागील भिंतीस खिडकी आहे. घराचा वापर राहण्यासाठीच होतो. मी स्वतः खात्री केली आहे."