वाजवायचे दात

मीटरकाकांचे वरचे दात एकेक करून सगळे काढावे लागले, तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने त्यांना चणे आणि दातांची म्हण ऐकवली. आणि तीही अशा थाटात, की जणू ती आत्ता त्यालाच सुचली. काका मान डोलवत. चण्यांशी त्यांचं ना वैर होतं ना प्रेम. त्यांना क्लॅरिनेट वाजवायची होती, आणि त्यासाठीची म्हण कुणाकडेच नव्हती.

दिवसभर ते पाणीपुरवठा खात्याच्या तळघरात बसून बंद पडलेले मीटर उघडत, गंज खरवडत, पितळी चाकं परत बसवत. म्हणून मीटरकाका. पण ते झालं पोटासाठी. दर रविवारी संध्याकाळी सार्वजनिक बागेत नगरपालिकेचा बँड वाजे, आणि त्या बारा जणांत काका सव्वीस वर्षं दुसरी क्लॅरिनेट वाजवत होते. दुसरी म्हणजे दुय्यम नव्हे, हे ते कुणी न विचारता सांगत. पहिली क्लॅरिनेट होती एका दवाखान्यातल्या कंपाउंडरची. तो वरच्या सुरांत बागडायचा आणि काका खालून सूर धरून ठेवायचे. घर जोत्यावर उभं राहतं, छपरावर नाही, असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. बँडमधल्या सगळ्यांना ते पाठ झालं होतं आणि कुणालाही पटलं नव्हतं.

पटलं होतं फक्त काकूंना, निदान काकांचा तसा समज होता. काकू दर रविवारी तिसऱ्या बाकड्यावर येऊन बसत. बारा जण एकदम वाजवू देत, तुमचा आवाज मी झोपेतही ओळखीन, असं त्या चारचौघांत सांगत. काकांचं नाव कधी पेपरात आलं नाही, की वाजवणं संपल्यावर कुणी त्यांच्याजवळ येऊन दोन शब्द बोललं नाही. काकूंच्या त्या एका वाक्यावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती.

दातांच्या डॉक्टरने कवळी बसवली ती मात्र नजर लागावी अशी. आरसा पुढे धरून तो म्हणाला, "आता बिनधास्त हसा."

"मला हसायचं नाहीये," काका म्हणाले. "मला फुंकायचंय."

डॉक्टर भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं, की कवळी टाळूला चिकटून राहते ती आत हवा शिरत नाही म्हणून. क्लॅरिनेटचं टोक वरच्या दातांना टेकवून जोरात फुंकलं की हवा शिरणार आणि कवळी सुटणार. घास चावायला, बोलायला, फोटोला काही अडचण नाही. वाजवण्याचं मात्र विसरा. लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात, आपण दात दाखवून करून घेतलं, असं मनाशी म्हणत काका जिना उतरले.

विसरा म्हणून कुणी विसरतं थोडंच? दुसऱ्या दिवसापासून काका ऑफिसला तासभर आधी जाऊ लागले. तळघराचं दार लावून घ्यायचं, मीटर बाजूला सारायचे आणि फुंकायचं. खालचे दोनचार सूर कसेबसे निघत. जरा जोर लावला की कवळी खट्‌कन जिभेवर पडे आणि क्लॅरिनेटमधून मानगूट धरलेल्या कोंबडीसारखा आवाज येई. त्यांनी चिकटवायची पूड आणून पाहिली. रबराची पट्टी लावून पाहिली. कवळी काढून नुसत्या हिरडीने वाजवून पाहिलं, तर हिरडी सोलून निघाली. सव्वीस वर्षं जी गोष्ट तोंडाने आपोआप केली, ती आता शंभर युक्त्यांनी होत नव्हती. काकांना देवाचा, दातांचा आणि स्वतःचा मनस्वी राग आला. लहान असताना दात घासायचा कंटाळा केला होता, तोही आठवून झाला.

घरी काकू रोज विचारत, आणि काका रोज सांगत, "जमतंय हळूहळू." हे खोटं त्यांनी का सुरू केलं ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी तोंडून निघून गेलं, आणि मग एक खोटं लपवायला दुसरं, असं रीतसर चालू झालं. या तीन महिन्यांत काकूही बागेत गेल्या नाहीत. तुम्ही नसताना तिथे काय ऐकायचं, असं त्या म्हणाल्या तेव्हा काकांना भरून आलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी ते वाद्य परत करायला बँडमास्तरांकडे गेले. मास्तरांनी क्लॅरिनेटच्या पेटीला हातही लावला नाही. बँड बाराचा असला पाहिजे असा नगरपालिकेचा नियम होता, आणि तीन महिने काकांची रजा दाखवून कसंबसं निभावलं होतं. अकरा झाले की बँड बंद करायला टपलेली मंडळी वर बसलीच होती. नवा वादक तयार व्हायला सहा महिने तरी लागणार होते. तोवर काकांनी गणवेश घालून यावं, क्लॅरिनेट तोंडाला लावावी, बोटं हलवावीत आणि गप्प बसावं, अशी मास्तरांनी हात जोडून विनंती केली. म्हणाले, "कुणाला कळणार आहे?"

मास्तरांच्या मनात तसं काही नव्हतं. पण बंद मीटर पुन्हा फिरेल का ते जसं एका बोटाने कळतं, तसं काकांना त्या तीन शब्दांत सव्वीस वर्षांचं काय ते कळलं. ते रागाने उठले होते, ते परत बसले. त्यांच्या मनात एक हट्ट शिरला. कळेल. बाकी कुणाला नाही कळलं तरी तिला कळेल. जोतं काढून घेतल्यावर घर कसं कलतं ते ती पहिल्या मिनिटाला ओळखेल, आणि मग आपल्याला काही सांगावंच लागणार नाही. मास्तरांना ते म्हणाले, "येतो रविवारी."

रविवारी काका आपल्या खुर्चीवर बसले. बाकीच्या अकरांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळे कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. पहिली चाल सुरू झाली. काकांनी गाल फुगवले, बोटं बरोबर जागच्या जागी पडू लागली आणि नळीतून काहीही बाहेर येईना. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं हत्तीबद्दल म्हणतात. काकांच्या एकाच कवळीत दोन्हींची सोय होती. आपला सूर जिथे असायचा तिथलं भगदाड त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. कंपाउंडर वर एकटाच अधांतरी वाजवत होता. हे इतकं ढळढळीत बेसूर कुणाला कसं खुपत नाही, म्हणून ते चष्म्याच्या काठावरून लोकांकडे बघत होते. लोक आपले ताल धरून बसले होते.

शेवटी संथ चाल आली. तिसऱ्या बाकड्यावर काकू डोळे मिटून बसल्या होत्या. काकांनी फुंकायचं सोंगही सोडलं आणि नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. कंपाउंडर एकेक पायरी चढत वर गेला, तिथे थांबला, आणि काकूंनी पदराने डोळे टिपले. कळलं तिला, असं काकांना वाटलं. त्यांनी मान खाली घातली. शरमेनेही आणि सुखानेही.

घरी परतताना अर्धा रस्ता संपला. काकांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली. मग औषधांच्या दुकानापाशी काकू थांबल्या.

"अहो, मला आज रडूच आलं," त्या म्हणाल्या. "तीन महिने मनात नुसती धाकधूक होती. म्हटलं, दातांबरोबर ते पण गेलं की काय. पण तुमची ती जागा आली, अगदी तश्शी आली. उलट जास्तच गोड वाटली."

"कुठली जागा?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि फुटपाथवरच हळू आवाजात गुणगुणून दाखवली. एकेक पायरी चढत वर, आणि वर जाऊन थांबणं. एकही सूर चुकला नाही. ती जागा कंपाउंडरची होती. ती पहिल्यापासून कंपाउंडरचीच होती. तेवढा वेळ काका खाली एकच सूर धरून बसत, आणि तो वर पोचायच्या आत त्यांना थांबावं लागे.

"पण घरी मी हे कधी वाजवलंय का?" काकांनी विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला होता.

"घरी तुम्ही पाढे म्हणता. एकच सूर घेऊन बसायचं, तेच ते," काकू हसल्या. "ते मी कुठे ऐकते? मी बागेतलं ऐकते."

"आणि वाजवतंय कोण, ते बघत नाहीस?"

"बघायचं काय त्यात? डोळे मिटले तरी मला तुमचा आवाज ओळखीचा आहे."

सांगून टाकावं असं काकांच्या अगदी ओठांवर आलं. सव्वीस वर्षं तू ज्याच्यासाठी डोळे पुसलेस तो पुड्या बांधणारा, शर्टावर औषधांचे डाग पडलेला माणूस आहे, आणि मी जे वाजवलं ते तू एकदाही ऐकलं नाहीस. इतकं सांगितलं असतं तर आजच्या खोट्यातूनही सुटका झाली असती. पण मग तिच्याकडे काय उरलं असतं? आणि आपल्याकडे तरी? दात गेले तेव्हा पुढचं वाजवणं गेलं होतं. आज मागचंही गेलं, आणि ते काही डॉक्टरने काढलं नव्हतं. काकांना बायकोचा असा राग आला की आपल्याला तिचा इतका राग येऊ शकतो याचीच त्यांना भीती वाटली. ती आपली आनंदाने चालत होती.

"हो," ते म्हणाले. "आज जरा बरी जमली."

सोमवारी ऑफिसला जायच्या आधी काका दवाखान्यात गेले. कंपाउंडर खिडकीमागे गोळ्या मोजत होता. काकांना बघून तो ओशाळला. कालचं ते बरं दिसलं नाही, पण मास्तरांचा नाइलाज आहे, असं काहीतरी पुटपुटला. काकांनी ते ऐकून घेतलं नाही.

"संथ चालीत तू वर चढतोस ना, तिथे काल घाई केलीस," ते म्हणाले. "वर पोचलास की अजून थोडा थांबत जा. आमच्या घरी ती जागा फार आवडते."

कंपाउंडरचा चेहरा खुलला. गोळ्या मोजायचा हात थांबला. "वहिनींना माझं वाजवणं आवडतं?"

"तुझं नाही," काका म्हणाले. "माझं आवडतं. म्हणून सांगतोय, नीट वाजव."